माझ्या खुणा बरोबर आहेत

मी एक ब्युरेट बोलतेय. नाव ऐकून बिचकू नका. मी म्हणजे काचेची एक लांब, सडपातळ नळी. अंगावर शून्यापासून पन्नासपर्यंत बारीक खुणा आणि खाली एक तोटी. तोटी फिरवली की माझ्यात भरलेलं औषध थेंब थेंब खाली पडतं. सध्या मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत टेबलाखालच्या खोक्यात आडवी पडले आहे. शेजारी दोन फुटके चंबू आहेत. माझ्या गळ्यात दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे आणि तिच्यावर लिहिलंय, 'सदोष'. महिनाअखेरीला टाकाऊ सामान फोडायला माणूस येणार आहे.

फुटायची मला भीती नाही. काचेच्या जन्माला आल्यावर कधी तरी फुटायचंच. पण खोटा ठपका घेऊन फुटायचं माझ्या जिवावर आलंय. शिवाय ज्या माणसापायी हा ठपका आला, तो आता बोलायला उरलेला नाही. म्हणून मीच बोलायचं ठरवलं.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. भट्टीतून ओढून काढली तेव्हा मी नुसती नळी होते, काहीही न मोजणारी. मला अर्थ आला तो खुणा करणाऱ्या बाईंमुळे. पन्नाशीच्या बाई, कामाला बसल्या की कुणाशी बोलायच्या नाहीत. चहा गार झाला तरी हात थांबवायच्या नाहीत. कारखान्यातले लोक त्यांना मागून 'मुकीबाई' म्हणायचे. त्यांनी माझ्या अंगावर पाचशे बारीक रेघा आखल्या, शेवटची रेघ झाल्यावर मला उजेडात धरून बघितलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "ही चुकायची नाही." दिवसभरातलं त्यांचं एवढंच बोलणं मी ऐकलं.

तिथून मी इथे आले. ही प्रयोगशाळा म्हणजे तीन खोल्या, एक पत्र्याचं कपाट, भिंतीवर सगळ्या प्रदेशाचा नकाशा. नकाशात जिथे जिथे नळ आहे तिथे टाचणी टोचलेली. मऊ पाण्याला हिरवी, मध्यमला पिवळी, जड पाण्याला लाल. नदीकाठची वस्ती हिरवी होती. तिथे साबणाला नुसता हात लावला तरी फेस यायचा. मधला पट्टा पिवळा. आणि डोंगराकडे, जिथे पाणी चुनखडीतून झिरपून येतं, तिथे लालच लाल. पाणीखातं एकच, बिलाचा कागदही एकच, पण पाण्याचा स्वभाव दर दहा मैलांवर वेगळा.

लाल टाचण्यांकडची माणसं तक्रारी घेऊन आली की लगेच ओळखू यायची. केस राठ झालेले, कपडे धुऊनही कळकट. कुणी नळाच्या तोटीवर साचलेला पांढरा खवला कागदात बांधून आणायचं आणि हे आम्ही पितो म्हणून टेबलावर आपटायचं. एक म्हातारे गृहस्थ तर दर पावसाळ्यानंतर यायचे आणि आमचा नळ नदीला जोडा म्हणायचे. त्यांना कुणी उठवायचं नाही. ते बसायचे, पाणी प्यायचे, आमचंच पाणी किती गोड आहे असं म्हणायचे आणि जायचे.

या सगळ्यांचा आकडा काढायचे ते थेंबमास्तर. हे त्यांचं खरं नाव नव्हे. मी आले तेव्हाच त्यांच्या नोकरीला पंचवीस वर्षं झाली होती आणि सगळं खातं त्यांना याच नावाने ओळखायचं. काम सोपं वाटतं, पण नाही. चंबूत पाणी घ्यायचं, त्यात रंग टाकायचा. पाणी डाळिंबी लाल होतं. मग वरून माझ्यातलं औषध थेंब थेंब सोडायचं. लाल रंग हळूहळू जांभळा होतो आणि शेवटी एका थेंबाला स्वच्छ निळा. त्या थेंबाला तोटी बंद. किती औषध लागलं ते माझ्या खुणांवर वाचायचं, त्यावरून पाणी किती जड ते कळतं. म्हणजे मोजते मी, पण कुठे थांबायचं ते ठरवतो माणसाचा डोळा.

आणि मास्तरांचा डोळा काय होता म्हणून सांगू! अर्धा थेंब माझ्या टोकाला लोंबकळत ठेवून ते तो चंबूच्या काठाला पुसून घ्यायचे, पण पूर्ण थेंब वाया जाऊ द्यायचे नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या धाकट्या बाई, म्हणजे दुसऱ्या रसायनतज्ज्ञ, चेष्टेने म्हणायच्या, "सर, लग्नात अक्षतासुद्धा मोजून टाकल्या असतील तुम्ही." मास्तर हसायचे नाहीत, पण त्यांना ते आवडायचं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगतेय, त्याच्याकडे येते. रुग्णालयाच्या लॉन्ड्रीत एक बॉयलरवाला होता. लाल टाचण्यांच्या पट्ट्यात ते रुग्णालय. तिथल्या चादरी, शस्त्रक्रियेचे कपडे वाफेवर धुतले जायचे आणि ती वाफ हा माणूस सांभाळायचा. मास्तरांनी त्याचं नाव वाफोबा ठेवलं होतं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो स्वतः बाटली घेऊन यायचा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून मग भरलेली. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवणं त्याला पटायचं नाही.

"काय वाफोबा, आणलंस का तुझं दगडाचं पाणी?" मास्तर विचारायचे.

"आणलंय मास्तर. जरा नीट बघा, माझा जीव आहे यात."

तो हे हसत म्हणायचा, पण खोटं नव्हतं. जड पाणी तसंच बॉयलरमध्ये गेलं तर आतल्या नळ्यांना खवल्याचा थर चढतो, नळी आतून गार राहत नाही, तापत जाते आणि एक दिवस फाटते. म्हणून बॉयलरच्या आधी एक टाकी असते. तिच्यातले बारीक मणी पाण्यातला जडपणा शोषून घेतात. मणी भरले की ते मिठाच्या पाण्याने धुवायचे, मग पुन्हा कामाला तयार. किती दिवसांनी धुवायचे हे पाणी किती जड यावर ठरतं. वाफोबाच्या पाण्याचा आकडा चारशेवीसच्या आसपास यायचा. त्या हिशेबाने तो दर तिसऱ्या दिवशी टाकी धुवायचा. आठ वर्षं हा आकडा मीच मोजला आणि त्याचा बॉयलर एकदाही कुरकुरला नाही.

मग मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांनी तो दीड वर्ष लपवला. चंबूखाली पांढरा कागद धरायचे, खिडकीशी जायचे, एकेका नमुन्याला पाव तास लावायचे. निळा रंग त्यांना मळकट दिसायचा, म्हणून खात्रीसाठी ते एखादा थेंब जास्तच सोडायचे. त्याने आकडा किंचित वर जायचा. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण एकदा जिन्याची पायरी चुकली आणि त्यांची मुलगी त्यांना हाताला धरून डोळ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावा नंतर करू म्हणाले.

पंधरा दिवसांनी मास्तर परत आले ते एखाद्या लहान मुलासारखे. खिडकीशी उभं राहून म्हणाले, "बाई, आकाश एवढं निळं असतं हे मी विसरलोच होतो. तुमचा शर्टसुद्धा निळा आहे की."

"राखाडी आहे, सर."

"तुम्हाला दिसत असेल राखाडी."

दोघंही हसले. मीही मनातल्या मनात हसले, कारण मास्तर पुन्हा खुशीत बोलत होते. पण त्याच दिवशी पहिला नमुना घेतला आणि माझं हसू मावळलं. चंबूत पाणी अजून जांभळं होतं आणि मास्तरांनी तोटी बंद केली.

मला वाटलं, हात घसरला असेल. दुसरा नमुना, तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी जांभळ्यावरच तोटी बंद. ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवलेल्या नव्या स्वच्छ भिंगातून सगळ्याच गोष्टींवर निळी झाक दिसत होती आणि मास्तरांना जांभळं पाणी निळं वाटत होतं. नदीकाठच्या मऊ पाण्यात याने फारसा फरक पडत नव्हता. डोंगराकडच्या पाण्याचा रंग मात्र फार रेंगाळत बदलतो, त्यामुळे तिथे वीस-वीस थेंब कमी पडू लागले. माझ्या खुणा जीव तोडून सांगत होत्या, अजून सोडा, अजून सोडा. पण मला तोंड कुठे आहे?

महिन्याभरात नकाशा बदलला. लाल टाचण्या निघाल्या, पिवळ्या बसल्या. वरचे साहेब पाहणीला आले आणि नकाशासमोर उभं राहून समाधानाने मान डोलावत म्हणाले, "नव्या जलवाहिनीचा परिणाम दिसतोय." जलवाहिनी अजून खणायचीच होती, पण साहेबांची चूक कोण काढणार. धाकट्या बाईंना मात्र राहवलं नाही.

"सर, सगळीकडे एकदम पाणी कसं सुधारलं? एकदा मी काढून बघू का?"

मास्तरांना ते झोंबलं. "बाई, डोळा माझा नवा आहे, तुमचा नाही," ते म्हणाले. त्यानंतर बाईंनी विषय काढला नाही.

पहिल्या सोमवारी वाफोबा आला. मास्तरांनी आकडा सांगितला, तीनशेपंधरा.

"एवढा कमी?" वाफोबाने विचारलं. "घरच्या किटलीत तर खवला तेवढाच बसतोय, मास्तर."

"किटली किती जुनी आहे?"

"आमच्या लग्नातली."

"मग तिला बदल. माझ्या आकड्यावर शंका घेऊ नकोस."

"तुमच्यावर कशी घेईन," तो म्हणाला. त्याच्याकडे टाकीतून निघालेलं पाणी तपासायच्या पट्ट्या होत्या, पण त्या कधीच संपल्या होत्या आणि रुग्णालयाने नव्या आणून दिल्या नव्हत्या. तेव्हा मास्तरांचा शब्द हीच त्याची पट्टी. त्याने टेबलाच्या कडेवर बोटाने आकडेमोड केली आणि म्हणाला, "म्हणजे आता चौथ्या दिवशी टाकी धुतली तरी चालेल." मास्तर म्हणाले, "चालेल." मी तिथेच उभी होते, स्टँडला आवळलेली. चालणार नव्हतं.

सात महिने तो चौथ्या दिवशी टाकी धूत राहिला. एकही खेप चुकवली नाही. पण दर खेपेला तिसरा दिवस संपला की मणी भरून जायचे आणि चौथ्या दिवशीचं पाणी जसंच्या तसं बॉयलरमध्ये जायचं.

एका मंगळवारी दुपारी फोन वाजला. बाईंनी घेतला. ऐकता ऐकता त्या खाली बसल्या. लॉन्ड्रीतली बॉयलरची नळी फाटली होती. वाफोबा समोरच होता. वाफेने तो छातीपासून वर भाजला. ज्या रुग्णालयाच्या चादरी त्याने आठ वर्षं धुतल्या, तिथेच त्याला ठेवलं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. "पोरगा सोन्यासारखा होता," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. तोपर्यंत त्यांना काही ठाऊक नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांचं दुःख खरं होतं.

चौकशी बसली. नळ्या कापल्या तर आत बोटभर जाडीचा पांढरा थर. चौकशीवाल्यांनी लगेच अंदाज बांधला की बॉयलरवाला टाकी धुवायला टाळाटाळ करत असणार. वाफोबाच्या वहीत चौथ्या दिवसाच्या नोंदी होत्या. त्या खोट्या असतील असं ते म्हणू लागले. खातरजमा म्हणून लॉन्ड्रीच्या नळाचं पाणी आमच्याकडे आलं.

मास्तरांनी मला भरलं, चंबूत रंग टाकला, तोटी सोडली. हिशेबाने तीनशेपंधरा भरतील अशा खुणेशी आल्यावर त्यांना निळा दिसला. त्यांनी तोटी बंद केली. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, कदाचित उजव्या डोळ्यात काही गेलं असेल, त्यांनी तो डोळा चोळायला हाताने झाकला. उघडा राहिला डावा, ऑपरेशन न झालेला. मास्तर तसेच थांबले. हात काढला, पुन्हा झाकला. आधी उजवा, मग डावा, मग पुन्हा उजवा. चंबू तोच, पाणी तेच. एका डोळ्याला निळं आणि दुसऱ्याला जांभळं.

"बाई," त्यांनी हाक मारली. आवाज नेहमीचाच ठेवायचा प्रयत्न केला. "हा रंग कोणता?"

बाई आल्या. "जांभळा, सर."

मास्तरांनी तोटी उघडली. पाच थेंब. "आता?"

"जांभळाच."

ते सोडत राहिले आणि बाई सांगत राहिल्या. विसाव्या थेंबानंतर त्या म्हणाल्या, "आता निळा झाला." माझ्यावरची खूण आता चारशेवीसचा हिशेब दाखवत होती. दोघांनीही ती वाचली. मास्तर स्टुलावर बसले. निवृत्तीला त्यांना चार महिने राहिले होते.

दोन दिवसांनी वाफोबाची बायको आली. ती कपडे शिवायची, अजूनही तिच्या गळ्यात मोजपट्टी तशीच होती, काढायची विसरली असावी. ती रडली नाही. म्हणाली, "मास्तर, ते यांना कामचुकार म्हणतायत. मुलांच्या शाळेतसुद्धा बोलणं झालंय. तुम्ही सांगितल्याप्रमाणेच ते करत होते ना? तेवढं एका कागदावर लिहून द्या. बाकी मला काही नको."

मास्तरांनी लिहून दिलं. हेही मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी लिहिलं की बॉयलरवाल्याच्या कामात काहीही कसूर नव्हती, प्रयोगशाळेकडून गेलेला आकडाच चुकीचा होता. आणि पुढच्या ओळीत लिहिलं की तपासणीत वापरलेल्या ब्युरेटच्या खुणा सदोष आढळल्यामुळे हे घडलं. खाली दुसरी सही बाईंची लागायची. बाईंनी कागद दोनदा वाचला आणि सही केली. वाफोबाचं नाव साफ झालं. खापर माझ्यावर फुटलं, चिठ्ठी गळ्यात आली, आणि माझ्या जागी नवी ब्युरेट उभी राहिली.

तुम्ही म्हणाल, मग तुझी तक्रार काय? एक मेलेला माणूस सुटला, एका काचेच्या नळीने त्याचा डाग घेतला, वाईट काय झालं? मीही तसंच मनाशी म्हणत पडून होते.

पण गेल्या आठवड्यात वाफोबाची बायको पुन्हा आली. मास्तरही त्याच दिवशी सुट्टीवरून परतले होते. मधल्या काळात मुलीने ऐकलं नव्हतं, त्यांच्या डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांवर काळा चष्मा होता.

"मला ती नळी बघायची आहे," ती म्हणाली.

बाईंनी मला खोक्यातून काढून तिच्या हातात दिलं. सुईने टोचलेली खरखरीत बोटं होती. तिने मला उजेडात धरलं आणि अंगठा खुणांवरून वरपासून खालपर्यंत फिरवला.

"एवढीशीच?" 

"एवढीशीच," मास्तर म्हणाले.

"माझी पट्टी कापडाची आहे. जुनी झाली की ताणते, मग माप चुकतं. काच ताणते का हो?"

"नाही."

"मग खुणा पहिल्यापासूनच चुकीच्या असणार."

"तसंच म्हणायचं."

"मग आठ वर्षं यांचा बॉयलर नीट कसा चालला?"

काळ्या चष्म्यामुळे मास्तरांचे डोळे दिसत नव्हते. अर्धा थेंबही इकडचा तिकडे होऊ न देणारे मास्तर, ते म्हणाले, "काचेचं काही सांगता येत नाही."

तिने बाईंकडे बघितलं. "तुम्ही तरी सांगा."

"पत्रात सगळं लिहिलंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मान खाली घातली.

तिने मला हळूच टेबलावर ठेवलं, आपटलं नाही. "बरं," ती म्हणाली, "मुलांना तेच वाचून दाखवते." आणि गेली.

संध्याकाळी बाईंनी मला पुन्हा हातात घेतलं. धुतलं, साधं पाणी भरलं आणि तराजूवर एक रिकामी वाटी ठेवली. नळी बरोबर आहे की नाही हे ओळखायची सोपी युक्ती आहे. शून्यापासून दहाच्या आकड्यापर्यंत पाणी सोडलं तर ते दहा ग्रॅम भरायला हवं. बाईंनी दहापर्यंत पाणी सोडलं. तराजूवर दहा ग्रॅम. पुन्हा केलं, पुन्हा दहा. वीस केले, वीस. मला वाटतं, त्यांना मनापासून वाटत होतं की माझ्यात खरोखरच काही तरी दोष निघावा. त्यांनी ते आकडे एका चिठोऱ्यावर लिहिले आणि चिठोरा घेऊन मास्तरांच्या टेबलाशी गेल्या.

मास्तरांनी चष्मा काढून ठेवला होता. हातात औषधाची बारीक कुपी होती. "बाई, जरा थेंब घालता का? माझ्या हातून नेमके डोळ्यात पडत नाहीत," ते म्हणाले.

बाईंनी चिठोरा खिशात घातला. एका हाताने त्यांची पापणी धरली आणि दोन्ही डोळ्यांत दोन दोन थेंब घातले. मग परत येऊन मला पुसलं, 'सदोष' चिठ्ठी पुन्हा गळ्यात बांधली आणि खोक्यात ठेवलं.

आता मास्तरांकडे तुलना करायला जुना डोळा राहिलेला नाही. निळा दिसला की ते मनानेच आणखी वीस थेंब सोडतात. प्रत्येक पाण्याला वीस. नदीकाठच्या पाण्यालाही वीस, डोंगराकडच्यालाही, फरक प्रत्येक पाण्याला वेगळा असला तरी. बाईंना "जरा रंग सांगा" म्हणायचं तर का ते सांगावं लागेल. नकाशावरच्या टाचण्या पुन्हा बदलू लागल्यात, आणि त्यांतल्या कुठल्या खऱ्या हे आता कुणालाच माहीत नाही.

महिनाअखेरीला अजून नऊ दिवस आहेत. मला फोडा, माझी हरकत नाही. पण फोडण्याआधी कुणीतरी, चार माणसांसमोर, माझ्यात पाणी भरून एकदा तोलून बघा. मग ते आकडे त्या शिवणकाम करणाऱ्या बाईला नेऊन दाखवा. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळायलाच हवं, आणि लॉन्ड्रीत आज जो उभा आहे त्यालाही.

तो आज सकाळी आला होता. नवा बॉयलरवाला, वाफोबाच्या जागेवर लागलेला. बाटली तीनदा विसळून आणल्याचं त्याने स्वतःहून सांगितलं. मास्तरांनी नव्या ब्युरेटमधून थेंब सोडले, थांबले, मग आणखी काही सोडले.

"मास्तर, टाकी किती दिवसांनी धुवू?" त्याने विचारलं.

मास्तरांनी चंबू उजेडात धरला. मग त्यांनी एक आकडा सांगितला, आणि त्याने तो आपल्या वहीत नीट लिहून घेतला.